घरबसल्या एल्कचा माग: कोलोरॅडोचे डोंगर नकाशावर कसे वाचायचे

जानेवारीत आमच्या अंगणात गुडघाभर बर्फ असतो आणि डायनिंग टेबलावर नकाशे पसरलेले असतात. शिकारीचा हंगाम सुरू व्हायला अजून आठ महिने असतात. पण कोलोरॅडोत एल्कच्या मागे जायचं तर निम्मं काम याच दिवसांत, चहाचा कप हाताशी ठेवून होतं, हे मला तीन हंगाम रिकाम्या हाताने परतल्यावर कळलं.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या पुढे जातो. अमेरिकेत सगळ्यात जास्त एल्क कोलोरॅडोत आहेत, अडीच लाखांहून जास्त. तरीही राज्याचा हिशेब काढला तर साधारण पाच शिकाऱ्यांतल्या एकालाच एल्क मिळतो. बाकीच्यांचा नेम चुकतो असं नाही, त्यांना जनावर दिसतच नाही. डोंगर अफाट आहेत, आणि त्यातल्या बहुतेक डोंगरांवर त्या आठवड्यात एल्क नसतो.

त्यामुळे पहिलीच गोष्ट पक्की करा: नकाशा एल्क कुठे आहे ते सांगत नाही, कुठे नसेल ते सांगतो. शंभर चौरस किलोमीटरमधले नव्वद खोडून टाकायचे आणि उरलेल्या दहांत पाय झिजवायचे. पुढे जे लिहिलंय ते सगळं या खोडण्याबद्दलच आहे.

(भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार बंद आहे, आणि तिथे ते योग्यच आहे. इथलं गणित वेगळं: परवान्यांच्या पैशांवर राज्याचं वन्यजीव खातं चालतं आणि किती जनावरं मारायची हेही तेच ठरवतं. ज्यांना हा विषयच नको असेल त्यांनी नकाशावाचनापुरतं वाचलं तरी चालेल.)

आधी परवाना, मग नकाशा

कायद्याचा भाग थोडक्यात उरकतो. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीचा सुरक्षा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय परवाना मिळत नाही. राज्याचे क्रमांक दिलेले विभाग आहेत आणि टॅग (म्हणजे एका जनावराचा परवाना) विशिष्ट विभागाचा, विशिष्ट हंगामाचा असतो. चांगल्या विभागांसाठी सोडत असते, तिचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात. धनुष्यबाणाचा हंगाम साधारण सप्टेंबरभर, रायफलचे चार टप्पे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या उत्तरार्धापर्यंत. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफची त्या वर्षाची पुस्तिका काढून वाचा. मित्राने सांगितलेलं बहुधा मागच्या वर्षीचं असतं.

त्याच खात्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक विभागात किती शिकारी गेले आणि किती एल्क मिळाले याचे तक्ते आहेत. नवा माणूस यशाची टक्केवारी बघून हुरळतो. मी आधी शिकाऱ्यांचा आकडा बघतो.

उदाहरणासाठी या लेखात फ्लॅट टॉप्सचा भाग घेतो, म्हणजे वायव्य कोलोरॅडोतली व्हाइट रिव्हर नदीच्या उगमाजवळची पठारं. राज्यातला सगळ्यात मोठा एल्कचा कळप इथला. शिवाय सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला हा भाग परका वाटत नाही. इथेही लाव्हाचे थर एकावर एक बसलेले आहेत; वर सपाट पठार, मग सरळ कडा, खाली जंगलाचा पदर, पुन्हा उतार. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हरिश्चंद्रगडाचीच आठवण झाली. फक्त उंची तीन हजार मीटरच्या वर, आणि करवंदांऐवजी स्प्रूसची सूचिपर्णी झाडं.

खोडायला सुरुवात: जमीन कुणाची, रस्ता कुठे

कोलोरॅडोची एक तृतीयांशाहून जास्त जमीन केंद्र सरकारची आहे. त्यातल्या बहुतेक जमिनीवर टॅग असलेला कुणीही जाऊ शकतो. सरकारी नकाशांवर रंग ठरलेले आहेत: वनखात्याची जमीन हिरवी, भूव्यवस्थापन खात्याची पिवळी, राज्याची निळी, खासगी पांढरी. ऑनएक्स हंटसारख्या अ‍ॅपवर खासगी जमिनीच्या मालकाचं नावही दिसतं. पैसे मोजावे लागतात, पण या एका थरासाठी मी ते मोजतो, कारण परवानगीशिवाय खासगी जमिनीत पाऊल टाकलं तर दंड तर होतोच, परवानाही जाऊ शकतो.

काही ठिकाणी सरकारी आणि खासगी चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून येतात आणि दोन सरकारी चौकोन फक्त कोपऱ्याला टेकतात. त्या कोपऱ्यावरून ओलांडायचं का, हा वाद वायोमिंगमधून कोर्टात गेला. २०२५च्या मार्चमध्ये दहाव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने खासगी जमिनीला पाय न लावता ओलांडणाऱ्या शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. कोलोरॅडो त्याच न्यायालयाच्या कक्षेत येतं. तरी नवख्याने अशा जागा पहिल्या वर्षी सोडून द्याव्यात. कोपरा नेमका कुठे आहे हे फोनचा जीपीएस काही मीटर इकडे तिकडे दाखवतो, आणि भांडण त्या काही मीटरांवरच होतं.

मग रस्ते. वनखात्याचा वाहनांसाठीचा नकाशा फुकट मिळतो. दिसायला अगदी ओबडधोबड, त्यावर ना समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा) ना जंगल. पण कोणता रस्ता कोणत्या वाहनाला कोणत्या तारखेपर्यंत खुला आहे हे अधिकृतपणे त्यावरच कळतं. त्यातले खुले रस्ते मुख्य नकाशावर लाल रंगाने गिरवा आणि प्रत्येक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दीड किलोमीटरचा पट्टा छायांकित करा. चारचाकीवाल्यांची फौज हंगामात याच पट्ट्यात फिरते. पहिला बार वाजला की एल्क तो पट्टा सोडतो. छायेबाहेर जे तुकडे उरतील, तिथून खरं काम सुरू.

फ्लॅट टॉप्सच्या मधल्या भागात असे तुकडे मोठे आहेत, कारण तिथे वाहनंच काय, सायकललाही बंदी आहे. याचं मूळ जुनं आहे. १९१९ साली वनखात्याने आर्थर कारहार्ट या तरुण आरेखकाला ट्रॅपर्स लेकच्या काठावर उन्हाळी घरांचे प्लॉट आखायला पाठवलं. त्याने परत येऊन सांगितलं की इथे काहीच बांधू नका. खात्याने ऐकलं. त्यातून पुढे निसर्ग अस्पर्श राखण्याची जी विचारधारा वाढली तिचा १९६४ साली कायदा झाला; वाहनबंदी त्यातूनच येते.

आणखी एक छोटी युक्ती, जी मला कुणी सांगितली नव्हती. उपग्रहचित्रात पायवाटेच्या सुरुवातीची पार्किंगची जागा मोठी करून बघा. दहा गाड्यांची जागा, बाजूला घोड्यांच्या ट्रेलरना वळायला वर्तुळ, झाडांत तंबू टाकून टाकून मातीचे पांढरे डाग पडलेले. असं दिसलं तर तिथे पहाटे चारला जत्रा असणार. पहिल्या वर्षी मी तळ्याकाठचं सगळ्यात देखणं कुरण निवडलं होतं. अंधारात गाडी लावताना मोजल्या, माझी पंधरावी.

समोच्च रेषा, आपल्या शब्दांत

अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे १:२४,००० प्रमाणात आहेत, जुने-नवे सगळे फुकट उतरवून घेता येतात. नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर २४० मीटर. डोंगराळ भागात दोन समोच्च रेषांत बहुधा ४० फुटांचं अंतर आणि प्रत्येक पाचवी रेषा ठळक. भारतीय सर्वेक्षणाच्या १:५०,०००च्या शीटवर ज्यांचे डोळे तयार झालेत त्यांना इथे सगळं दुपटीने मोठं दिसेल. एका सेंटिमीटरात दहा रेषा बसल्या तर उतार सुमारे २७ अंशांचा. हा आकडा लक्षात ठेवा. याहून दाट रेषा असतील तिथे पाठीवर वजन घेऊन उतरताना गुडघे बोलू लागतात. कॅलटोपो या नकाशांच्या संकेतस्थळावर उताराचे अंश रंगात दिसतात, पण आधी महिनाभर नुसत्या रेषा वाचा, मग रंग लावा. डोळा तयार होतो.

इंग्रजी लेखांत भूरूपांना जी नावं आहेत ती पाठ करत बसू नका. आपल्याकडे ट्रेकर आणि गावकरी वापरतात ते शब्द चपखल बसतात, आणि मराठीत विचार केला की नकाशा लवकर दिसतो.

धार आणि तिच्यापासून उतरणारी सोंड: रेषा उताराकडे तोंड करून बाहेर फुगतात. घळ: रेषा चढाकडे टोक करून आत जातात, मधून बहुधा ओढ्याची निळी रेघ. खिंड: दोन शिखरांमध्ये रेषा दोन्हीकडून कमरेसारख्या आवळतात. एल्कला एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचं असतं तेव्हा तो माणसासारखाच खिंडीतून जातो. फुकट चढ कुणालाच नको असतो.

आणि पदर. अख्ख्या लेखातून एकच शब्द न्यायचा असेल तर हा न्या. कड्याच्या खाली, खालच्या उताराच्या वर जो सपाटीचा पट्टा असतो तो. राजमाचीला किंवा भीमाशंकरच्या खाली जंगल नेमकं पदरातच टिकलेलं असतं, तसंच इथेही. सकाळी चरून झालं की एल्क रवंथ करायला बसतो. त्याला हवं असतं सपाट अंथरूण, वर सावली, पाठीला चढ आणि खालून येणारा कुणी दिसेल असा उतार. हे सगळं पदरात मिळतं. नकाशावर पदर म्हणजे दाट रेषा, मग अचानक दोन-तीन रेषांमध्ये श्वास घ्यायला जागा, मग पुन्हा दाट रेषा.

एक तुकडा जवळून पाहू

ट्रॅपर्स लेकच्या परिसरात असतात तशा एका उताराचं उदाहरण घेऊ. वर ११,००० फुटांच्या आसपास पठाराची कड. तिथे रेषा एकमेकींत मिसळून एकच काळी पट्टी झालीय, म्हणजे कडा. त्याखाली १०,६००पासून १०,२००पर्यंत दाट रेषा, दगडांचा घसारा. मग १०,२००ला रेषा सुटतात. पुढच्या दोन रेषांत जवळजवळ अर्धा सेंटिमीटर मोकळा. हा पदर, रुंदी सव्वाशे मीटर. त्याच्या एका टोकाला बारीक तुटक निळी रेघ सुरू होते: झरा. पदराखाली पुन्हा उतार आणि ९,४००ला ओढ्याकाठी फिकट जागा, कुरण.

आता दिशा बघा. हा उतार उत्तरेकडे तोंड करून आहे. मुंबईत उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो, त्यामुळे डोंगराची उत्तर बाजू आणि दक्षिण बाजू असा विचार आपल्याला सवयीचा नाही. फ्लॅट टॉप्स ४० अंश अक्षांशावर आहेत. इथे सूर्य बारा महिने दक्षिणेकडे कललेला. दक्षिण उतारावर ऊन, गवत, लवकर वितळणारा बर्फ. उत्तर उतारावर गडद स्प्रूस-फरचं जंगल आणि थंडावा. एल्क सप्टेंबरातच हिवाळी कोट चढवू लागतो, दिवसा त्याला उकडतं. म्हणून ढोबळ हिशेब असा: रात्री आणि झुंजूमुंजूला कुरणात किंवा दक्षिणेच्या गवतात, दिवसभर उत्तरेच्या पदरात. आपल्या तुकड्यात दोन्ही आहेत, मधलं अंतर पाचसातशे मीटर. नकाशावर पिन टाकायची ती पदराच्या वरच्या तिसऱ्या भागात. दुसरी झऱ्यावर, कारण सप्टेंबरात माजावर आलेला नर चिखलात लोळतो आणि असे उगम त्याला आवडतात.

पाण्याबद्दल एवढंच: फ्लॅट टॉप्सवर तळी आणि ओढे इतके आहेत की निव्वळ पिण्याच्या पाण्यावरून एल्क शोधता येत नाही. युटाच्या सीमेकडच्या कोरड्या विभागात मात्र एखादं पाणवठ्याचं ठिकाणच सगळं ठरवतं.

उपग्रहचित्र: आजचं आणि जुनं

समोच्च रेषा जमिनीचा आकार सांगतात, तिच्यावर काय उगवलंय ते चित्रात बघायचं. गूगल अर्थच्या संगणकावरच्या आवृत्तीत जुन्या वर्षांची चित्रं मागे-पुढे करता येतात. याचा खरा उपयोग वणव्यासाठी. जळून गेलेल्या जंगलात दोन-चार वर्षांत गवत आणि कोवळी झुडपं येतात, आणि एल्क त्यावर तुटून पडतो. ट्रॅपर्स लेकजवळ २००२ साली बिग फिश वणवा लागला होता; वणव्याआधीचं आणि त्यानंतरचं चित्र शेजारी ठेवून बघा, जंगलाची कड कुठे सरकली ते दिसेल. २०२०च्या ईस्ट ट्रबलसम आणि कॅमेरून पीक या दोन प्रचंड वणव्यांच्या पट्ट्यांतही हाच खेळ चालू आहे. जळालेल्याच्या आतल्या मधल्या भागापेक्षा कडेकडे लक्ष द्या, जिथे उभं जंगल आणि नवं गवत यांत शंभर पावलांचं अंतर असतं.

अ‍ॅस्पनची राई सप्टेंबरअखेरच्या चित्रात ओळखा, पिवळी दिसते. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं १० मीटरची, म्हणजे धूसर, पण दर पाच दिवसांनी नवी आणि फुकट. ऑगस्ट संपताना कुठे हिरवं टिकलंय आणि नोव्हेंबरात बर्फ कुठवर उतरलाय हे त्यावर कळतं.

आता माझी फजिती. एका वर्षी मला नकाशावर अगदी आदर्श पदर सापडला. रस्त्यापासून चार किलोमीटर, उत्तर उतार, जंगल. चित्रात जंगलात थोडी करडी झाक होती, मी ती सावली समजलो. ती मेलेली झाडं होती. १९४०च्या दशकात खोडकिड्याने फ्लॅट टॉप्सवरचं स्प्रूस मोठ्या प्रमाणावर मारलं, आणि अशी साथ पुढेही ठिकठिकाणी येत राहिली. मेलेली झाडं वाऱ्याने एकमेकांवर आडवी पडतात. एक किलोमीटर जायला मला तीन तास लागले, प्रत्येक खोडावर चढून, उतरून, खालून सरपटत. त्यातून एल्कही सहसा जात नाही. आता मी चित्र पूर्ण मोठं करतो. काडेपेटी सांडल्यासारख्या बारीक करड्या रेघा एकमेकींवर दिसल्या की तो तुकडा गेला.

तसंच कुरणाचं. एकसारखं मऊ हिरवं म्हणजे गवत. खडबडीत, दाणेदार, निळसर हिरवं ओढ्याकाठी दिसलं तर ती विलोची झुडपं. डोक्याएवढी उंच आणि खाली दलदल. मूस, म्हणजे एल्कहून थोराड हरीण, तिथे सुखात असतो, तुम्ही नसाल.

वाऱ्याचा थर कुठल्याच अ‍ॅपवर नीट नाही

एल्कला तुम्ही दिसलात तर तो एकदा थांबून बघेल, कधीकधी. वास आला तर थांबणार नाही. हवामानाचा अंदाज खोऱ्यातल्या वाऱ्याबद्दल फारसं सांगत नाही, पण समोच्च रेषा सांगतात. स्थिर हवेच्या दिवशी रात्रभर थंड झालेली हवा जड होऊन घळींतून पाण्यासारखी खाली वाहते. उतारावर ऊन पडून तासभर झाला की उलटते आणि चढाने वर जाते. सूर्य डोंगराआड गेला की पुन्हा खाली. म्हणजे पहाटे खालून जा, दिवसा वरून किंवा समोरासमोर बाजूने. आपल्या तुकड्यात हे असं उतरतं: पहाटे कुरणाच्या खालच्या टोकाला थांबायचं. नऊच्या सुमारास हवा फिरली की पदराकडे सरळ चढायचं नाही, बाजूच्या सोंडेवरून कड्याच्या पायथ्याशी जायचं आणि तिथून पदराच्या उंचीला उतरायचं. नकाशावर या वाटा मी दोन रंगांत काढतो, सकाळची निळी, दुपारची केशरी. जी पिन गाठायला चुकीच्या वाऱ्यातूनच जावं लागतं, ती पिन कितीही सुंदर असो, काढून टाकतो.

परतीचा हिशेब

यावर बहुतेक मार्गदर्शक एका वाक्यात उरकतात, आणि पहिल्या यशाच्या दिवशी माणूस रडकुंडीला येतो. मोठ्या नराचं हाडांशिवायचं मांस शंभर किलोच्या आसपास भरतं. ते वाया घालवणं हा कायद्याने गुन्हा आहे. एका फेरीत पाठीवर २५ किलो नेलं तर चार फेऱ्या. गाडी पाच किलोमीटरवर असेल तर चारदा भरलेलं येणं, तीनदा रिकामं जाणं, मिळून ३५ किलोमीटर, तेही तीन हजार मीटर उंचीवर. सप्टेंबरच्या उन्हात मांस तेवढा वेळ थांबत नाही. म्हणून प्रत्येक पिनपासून गाडीपर्यंतची वाट आधीच काढा आणि तिचा उंचीचा आलेख बघा. परतताना चढ लागत असेल, म्हणजे तुम्ही एखाद्या खोल दरीत उतरून शिकार करणार असाल, तर एकट्याने तो बेत सोडा. माझी मर्यादा एकट्याला तीन किलोमीटर, दोघे असू तर पाच. आमच्या फ्रीजरमधला खिमा हा याच गणिताचा आहे.

हंगामाप्रमाणे त्याच नकाशावर वेगळ्या पिना लागतात. सप्टेंबरात नर माद्यांच्या मागे, उंचावर, ओरडून आपली जागा सांगत असतात. ऑक्टोबरात माज उतरलेला, थकलेला नर एकटा कुठल्यातरी दाट, अवघड, छोट्या घळीत पडून राहतो. तेव्हा मी नकाशावरच्या सगळ्यात कुरूप जागा शोधतो. नोव्हेंबरात बर्फ वाढला की कळप खाली सरकतात आणि तेव्हा वरच्या उन्हाळी कुरणांपासून खालच्या खोऱ्यांकडे उतरणाऱ्या सोंडा महत्त्वाच्या.

निघण्याआधी

एकच जागा घेऊन जाऊ नका. मी दहा-बारा पिना ठेवतो, दोन-तीन वेगळ्या पायवाटांवर. पहिल्या सकाळी ताजे खूर, ताज्या लेंड्या, ओला चिखल यांपैकी काहीच दिसलं नाही तर दुसऱ्या दिवशी दुसरं खोरं. जमलं तर जुलै-ऑगस्टमध्ये एक शनिवार-रविवार जाऊन निम्म्या पिना पायांनी तपासा. निम्म्या चुकलेल्या निघतात. माझ्या अजूनही निघतात.

नकाशा फोनवर ऑफलाइन उतरवा, सगळ्या थरांसकट, आणि घरीच फोन विमान मोडवर टाकून तो उघडतो का ते बघा. थंडीत बॅटरी झटपट उतरते, म्हणून कागदी प्रत आणि होकायंत्र. इथे चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या सुमारे आठ अंश पूर्वेला आहे, तेवढी दुरुस्ती आधीच करून ठेवा. रायफलच्या हंगामात अंगावर ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची.

कागदी प्रतीच्या दोन प्रती काढा. दुसरी घरी राहते. तिच्यावर गाडी कुठे लावणार, तंबू कुठे, कोणत्या दिवशी कोणती पिन, कोणत्या वारी किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर कुणाला फोन करायचा, हे लिहा. कोलोरॅडोत डोंगरात हरवलेल्यांचा शोध त्या काउंटीच्या शेरीफकडे असतो, त्यांचा नंबर कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत. आमच्याकडे ती प्रत फ्रीजवर चुंबकाने लावलेली असते. मागच्या वर्षी मी परत आलो तेव्हा माझ्या पदरावरच्या पिनेशेजारी हिच्या अक्षरात लिहिलेलं होतं: "इथे नेट नाही. सॅटेलाइटवाल्या यंत्राचे सेल घेतले का?"